मलमल: शब्द कुठला आणि कापड कुठले?

काठपदर

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दिवाळीनंतर हातमागाच्या कापडांचे छोटेसे प्रदर्शन भरणार आहे आणि प्रत्येक कापडाशेजारी लावायच्या ओळखपट्ट्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इरकल, खण, पैठणी, महेश्वरी यांच्या पट्ट्या लिहून झाल्या; मलमलपाशी मात्र गाडी अडली. घरात हा शब्द रोजचाच आहे. श्रीखंडाचा चक्का टांगायला मलमलचे फडके, बाळाला गुंडाळायला मलमलचे दुपटे, उटणे वस्त्रगाळ करायला मलमलचा तुकडा आणि उन्हाळ्यात वडीलधाऱ्यांच्या अंगात मलमलचा सदरा. दुसरीकडे 'ढाक्याची मलमल' म्हटले की अंगठीतून पार होणाऱ्या साडीची गोष्ट निघते, तर साड्यांच्या दुकानात 'मुलमुल' आणि 'मसलिन' अशा दोन वेगळ्या चिठ्ठ्या लावलेल्या दिसतात. ही तिन्ही नावे एकाच कापडाची आहेत का, मलमल हा शब्द आला कुठून आणि चक्क्याच्या फडक्याला व बादशाही वस्त्राला एकच नाव कसे मिळाले, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनी पोथी

काठपदर, प्रश्न फार चांगला आहे. आधी 'मुलमुल' बाजूला काढू, कारण तो वेगळा शब्दच नाही. आपल्या 'मलमल'चे इंग्रजी लेखन रोमन लिपीत जसे झाले तसेच ते दुकानदारांनी पुन्हा देवनागरीत वाचले, एवढेच. मराठीत लिहिताना 'मलमल' असेच लिहावे आणि तो शब्द स्त्रीलिंगी चालवावा. 'ढाक्याची मलमल' हा प्रयोग आपल्याकडे पूर्वीपासून रुळलेला आहे.

मसलिनची वाट वेगळी आहे. हा शब्द इराकमधील मोसूल या शहराच्या नावावरून आला. अरबी 'अल-मौसिल'पासून इटालियनमध्ये 'मुसोलो', त्यापासून 'मुसोलिना', पुढे फ्रेंचमध्ये 'मुसलीन' आणि शेवटी इंग्रजीत 'मसलिन' असा तो प्रवास आहे. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की तेराव्या शतकात मार्को पोलोने मोसूलचे म्हणून ज्या कापडाचे वर्णन केले आहे, ते सुती नव्हे, तर रेशमाचे आणि जरीचे आहे. म्हणजे नाव आधी एका भारी वस्त्राला मिळाले आणि नंतर व्यापाऱ्यांच्या तोंडी ते पूर्वेकडून येणाऱ्या तलम सुती कापडाला चिकटले. पुष्कळ ठिकाणी मसलिनचा संबंध आंध्रातील मच्छलीपट्टणशी जोडलेला आढळेल. ते बंदर तलम कापडासाठी प्रसिद्ध होते हे खरे, परंतु युरोपीय व्यापारी तिथे वखारी घालण्याच्या कितीतरी आधीपासून मोसूलवरून आलेले रूप युरोपात वापरात होते, त्यामुळे ती व्युत्पत्ती मला पटत नाही.

आता खुद्द 'मलमल'. हा शब्द हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती अशा सगळ्याच शेजारच्या भाषांत आहे आणि मराठीत तो हिंदी-उर्दूच्या वाटेने आला. संस्कृतात 'मलमल्लक' असा एक शब्द सापडतो आणि काही जण मलमलचे मूळ तिथे नेतात. पण त्या शब्दाचा अर्थ लंगोटी! दंडीच्या 'दशकुमारचरिता'त सर्वस्व गमावून केवळ लंगोटीवर आलेल्या माणसासाठी तो आला आहे. लंगोटीच्या चिंधीपासून राजवस्त्रापर्यंत अर्थ कसा चढला, हे दाखवणाऱ्या मधल्या पायऱ्या मिळाल्याशिवाय नुसत्या उच्चारसाम्यावर ही व्युत्पत्ती आपल्या पट्टीवर छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक घोटाळा टाळावा. मखमल आणि मलमल यांचे यमक जुळते, नाते मात्र काहीच नाही. मखमल हा अरबीतून आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी 'लव' हा अर्थ आहे. म्हणूनच मखमलीवर हात फिरवला की लव बसते आणि उठते. मलमलीला लव नसते, ती साध्या विणीची सपाट असते.

धोटा

आमच्या घरी तीन पिढ्या माग आहे, म्हणून विणकराच्या बाजूने लिहितो. मलमल म्हणजे साध्या, एकाआड एक विणीचे, बारीक सुताचे आणि मोकळ्या पोताचे सुती कापड. यातला 'मोकळ्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. जाहिरातींत सुताचा नंबर आणि इंचातील धागे या दोन गोष्टींची सरमिसळ केलेली असते आणि वाचणाऱ्याला वाटते की जितके धागे जास्त, तितकी मलमल उंची. प्रत्यक्षात तसे नसते.

सुताचा नंबर वजनावरून काढतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा नंबर. सूत जितके बारीक, तितका नंबर मोठा. ८० नंबरच्या एका पौंडात सुमारे ६१ किलोमीटर धागा असतो, तर ३०० नंबरच्या तेवढ्याच वजनात सुमारे २३० किलोमीटर. इंचात किती धागे बसवायचे हा फणीचा, म्हणजे मागावरचे धागे ठरावीक अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्याचा हिशेब, तो वेगळा. ढाक्याच्या राजेशाही मलमलीच्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे जे जुने मोजमाप नोंदले गेले आहे, त्यात एक यार्ड पन्ह्याला १००० ते १८०० धागे सांगितले आहेत. म्हणजे इंचात जास्तीत जास्त ५०. आजच्या साध्या चादरीतही याहून अधिक धागे असतात! ते कापड अंगावर जाणवत नसे याचे कारण धागाच जवळपास नाहीसा होण्याइतका बारीक होता आणि दोन धाग्यांमध्ये वाऱ्याला वाट होती.

आज दुकानात मलमल म्हणून जे मिळते, ते बहुतेक गिरणीच्या ८० ते १०० नंबर सुताचे असते. कापड चांगलेच असते, घाम टिपते, धुण्याला मऊ पडते. पण हातात घेऊन उजेडाकडे धरा आणि साधे भिंग लावून पाहा. गिरणीच्या मलमलीत सगळे धागे सारख्या जाडीचे, सरळ रेषेत दिसतात. हातसुतात धागा कुठे किंचित फुगतो, कुठे केसाइतका बारीक होतो आणि जिथे दोन धागे एकमेकांना ओलांडतात तिथे त्यांच्यामधली चौकट लहानमोठी होत जाते. प्रदर्शनात दोन्ही तुकडे शेजारीशेजारी लावून खाली भिंग ठेवलेत, तर पाहणाऱ्याला हा फरक आपोआप कळेल.

मेघनाकाठ

नोकरीनिमित्त माझी काही वर्षे ढाक्यात गेली आणि या विषयाने तिथेच मला धरले. धोटा यांनी धाग्याविषयी लिहिले आहे, त्याच्या मागची हकिकत सांगते.

ढाक्याच्या मलमलीसाठी 'फुटी कार्पास' नावाचा कापूस लागत असे. तो मेघना आणि शीतलक्ष्या या नद्यांच्या काठच्या गाळाच्या पट्ट्यात होई. त्याचा तंतू आखूड होता. एरवी लांब तंतूचा कापूस बारीक सुताला चांगला मानतात. इथे मात्र तो आखूड तंतूच दमट हवेत, निष्णात हातांत, कुठल्याही यंत्राला न जमणारे सूत देत असे. ढाक्यात असलेला इंग्रज डॉक्टर जेम्स टेलर याने १८४० मध्ये आणि पुन्हा १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने या धंद्याची बारकाईने नोंद केली, म्हणून आपल्याला तपशील कळतात. कापूस विंचरायला बोआल नावाच्या माशाचा जबडा वापरत, कारण त्याचे दात बारीक, दाट आणि आत वळलेले असतात. सूत काढण्याचे काम बहुतेक तरुण स्त्रिया करीत. चरख्यावर नव्हे, बारीक टकळीवर, आणि तेही पहाटेपासून ऊन चढेपर्यंत व पुन्हा दुपार कलल्यावर, म्हणजे हवेत ओलावा असेल तेव्हाच. हवा कोरडी असेल तर पाण्याच्या उथळ भांड्यावर टकळी धरून सूत काढावे लागे, नाहीतर धागा तुटे. विणायलाही पावसाळ्याचे दिवसच बरे मानत. ताण्याला भाताच्या लाह्यांची खळ देत. अशा रीतीने १० यार्ड लांब आणि १ यार्ड रुंद असा उत्कृष्ट मलमल-खासचा तुकडा मागावरून उतरायला पाच-सहा महिने लागत.

आता शब्दाकडे येते. आपण सरसकट मलमल म्हणतो, पण ढाक्यात मलमल हे अनेक प्रकारांपैकी एकाचे नाव होते आणि त्यातली 'मलमल-खास' ही राजघराण्यासाठी राखलेली. बाकीच्यांची नावे ऐका: आब-ए-रवाँ म्हणजे वाहते पाणी, शबनम म्हणजे दव, तनजेब म्हणजे देहाला शोभा देणारे, नयनसुख म्हणजे डोळ्यांना सुख देणारे, दोरिया उभ्या पट्ट्यांची आणि चारखाना चौकडीची. मागावरच फुले, बुट्टे भरलेली ती जामदानी. गवतावर पसरलेली शबनम दव पडल्यावर दिसेनाशी होई, असे सांगत.

आपल्याकडचा 'दोरवा' हा पट्ट्यांच्या कापडाचा शब्दही याच 'दोरा'च्या कुळातला आहे.

सिंधुगंध

लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आले आहे की इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे तोडले आणि म्हणून मलमल संपली. पट्टीवर हे लिहावे का?

जुनी पोथी

सिंधुगंध, तसे लिहू नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. या कथेच्या मुळाशी विल्यम बोल्ट्स या ईस्ट इंडिया कंपनीच्याच माजी नोकराने १७७२ मध्ये प्रसिद्ध केलेला मजकूर आहे. त्यात अंगठ्यांचा उल्लेख आहे, पण तो मलमल विणणाऱ्यांचा नाही. कच्चे रेशीम उकलणाऱ्या 'नगाड' नावाच्या कारागिरांविषयी तो लिहितो की कंपनीच्या सक्तीच्या कामातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःचे अंगठे कापून घेतले. पुढे तोंडोतोंडी रेशमाच्या जागी मलमल आली आणि कापणारा हात बदलला.

इंग्रज निर्दोष होते, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्याच बोल्ट्सने विणकरांवर लादलेले करार, गुमास्त्यांनी ठरवलेला पडेल भाव, दंड, फटके आणि कैद यांचीही वर्णने केली आहेत. ज्याला आपण कामातून सुटण्यासाठी स्वतःचा अंगठा कापण्याची पाळी म्हणतो, ती पाळी आणणारी व्यवस्था अंगठे तोडणाऱ्या शिपायाहून कमी क्रूर नव्हती. मलमल संपली ती अनेक घावांनी. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उजाड झाला. मोगल दरबाराचा आणि नवाबांचा आश्रय आटला. १७७९ मध्ये सॅम्युएल क्रॉम्प्टनचे 'म्यूल' हे कताईयंत्र आले आणि काही वर्षांतच ग्लासगो व पेझ्लीच्या परिसरात यंत्रसुताची मलमल निघू लागली. इंग्लंडमध्ये हिंदुस्थानी कापडावर जबर जकात बसली. १८१७ मध्ये कंपनीने ढाक्याची आपली व्यापारी कोठी बंद केली आणि त्यानंतरच्या दशकांत खुद्द ढाक्यातच विलायती सूत येऊन पडू लागले. सूत काढणाऱ्या स्त्रियांचा रोजगार सर्वांत आधी गेला, आणि सूत गेल्यावर मागावर चढवायला उरले काय?

एक नोंद मात्र अवश्य द्यावी. १८६६ मध्ये जॉन फोर्ब्ज वॉटसन याने हिंदुस्थानच्या कापडांवरचा आपला ग्रंथ काढला. त्याने ढाक्याचा आणि युरोपचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि ढाक्याचा हातसुती धागा अधिक बारीक व अधिक पिळाचा असल्याचे मान्य केले. गिरणी स्वस्ताईत जिंकली होती, धाग्यात नव्हे.

काठपदर

जुनी पोथी, मेघनाकाठ, मनापासून आभार. अंगठ्यांचा मजकूर मी घेणार नाही, बोल्ट्सचा घेईन. आता एक पुढचा प्रश्न. आमचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी आहे. मलमलीचा आपल्या मुलुखाशी काही खरा संबंध आहे का, की केवळ ढाक्याचे गोडवे गाऊन थांबायचे?

जुनी पोथी

आहे, आणि तो जुना आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त उत्तम सुती कापडाच्या प्रदेशांची यादी येते. तिथे वंग म्हणजे बंगालबरोबरच अपरांताचे नाव आहे, आणि अपरांत म्हणजे आपले कोकण. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हे ग्रीक भाषेतले दर्यावर्दी मार्गदर्शक उघडले तर गंगेच्या मुखाकडील तलम कापडाची वाखाणणी तर आहेच, पण त्याच पुस्तकात पैठण आणि तगर या दक्षिणेतील दोन मोठ्या बाजारपेठांचाही उल्लेख आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड जात आणि तगरहून पुष्कळसे जाडेभरडे कापड, तसेच भाषांतरकार ज्याला मसलिन म्हणतात ते नाना प्रकारचे तलम कापड गाड्यांतून भडोचला जात असे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, गोरोबाकाकांचे तेर. आपल्या पट्टीवर ही ओळ मोठ्या अक्षरांत यावी.

सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने बऱ्हाणपूरच्या तलम, पारदर्शक कापडाची वर्णने केली आहेत. ते इराण, तुर्कस्तानपर्यंत जात असे. हिंदुस्थानातून परतलेल्या इराणी वकिलाने आपल्या शहाला रत्ने जडवलेला एक नारळ भेट दिला आणि त्यातून साठ हात लांबीचे मलमलीचे पागोटे निघाले, ही हकिकतही त्याचीच. पागोट्याचा हा संबंध आपल्याला जवळचा आहे, कारण मराठी दरबारांत तलम कापड साडीहून अधिक डोक्यावर आणि खांद्यावर मिरवले गेले. पेशवेकालीन वस्त्रांच्या याद्यांत तिवट, शेला, महमुदी असे शब्द सतत भेटतात. चंदेरीचे तलम विणकाम शिंद्यांच्या राज्यात टिकले आणि महेश्वरला अहिल्याबाई होळकरांनी विणकर वसवले. ही गावे आज मध्य प्रदेशात असली तरी त्यांचे गिऱ्हाईक दीर्घकाळ मराठी घराणी होती.

सिंधुगंध

मला यात भाषेची एक गोष्ट घालाविशी वाटते. आपल्याकडे नेसायच्या वस्त्राला 'लुगडे' म्हणत आणि 'पातळ' असेही म्हणत. 'पातळ' हे मुळात विशेषण. तलम सुताचे, अंगाला हलके असे नेसण्याचे वस्त्र म्हणजे पातळ. पुढे विशेषणच नाम झाले आणि जाड असले तरी ते पातळच राहिले. माझी आजी 'वायलचे पातळ' म्हणायची. त्यातला वायल हा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ बुरखा किंवा पडदा.

तलम, झिरझिरीत आणि विरविरीत हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. तलम ही स्तुती आहे, बारीक सुताची. झिरझिरीत म्हणजे ज्यातून आरपार दिसते; त्यात थोडी नापसंतीही असू शकते. विरविरीत म्हणजे जे आता विरणार, फाटणार. मलमल नवी असताना तलम, अंगावर घेतली की झिरझिरीत आणि वापरून वापरून विरविरीत. विरलेल्या मलमलीचेच तान्ह्या बाळाला दुपटे करत, कारण नव्या कापडाची खळही त्या कातडीला टोचते. काठपदर यांनी सुरुवातीला विचारले होते की राजवस्त्राचे आणि चक्क्याच्या फडक्याचे नाव एक कसे. मला वाटते, उत्तर त्या मोकळ्या विणीत आहे. ज्या चौकटींतून वारा जातो, त्यांतूनच दह्याची निवळी गळते आणि उटण्याची बारीक पूड खाली पडते. आयुर्वेदाच्या औषधांवर 'वस्त्रगाळ चूर्ण' असे लिहिलेले असते, ते याच कापडाचे काम.

वऱ्हाडची वेचणी

मेघनाकाठ यांच्या फुटी कार्पासाबद्दल एक जोड देतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो 'गॉसिपियम आर्बोरियम' या जातीचा आहे, आणि आमच्या विदर्भातला जुना गावरान कापूसही त्याच जातीचा. जात एकच, एकीकडे त्याची ढाक्याची मलमल झाली आणि दुसरीकडे गादीतली रुई. वाण, माती, हवा आणि हात यांनी केवढा फरक पडतो! आज शेतात सगळीकडे अमेरिकी जातीचे संकरित कापूस आहेत आणि गावरान वाण शोधावे लागते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, जे १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडले, चरखे आणि खादी पाहायला मिळते. प्रदर्शनाआधी एक फेरी जरूर मारावी.

मेघनाकाठ

मलमल संपली यावर ही चर्चा थांबू नये म्हणून लिहिते. बांगलादेशात गेल्या दहा-बारा वर्षांत तिला परत आणण्याचे गंभीर प्रयत्न झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील जुने नमुने अभ्यासले गेले, फुटी कार्पासाशी जुळणारी झाडे शोधली गेली. त्यातले एक ठिकाण गाझीपूर जिल्ह्यातील कापासिया, ज्याच्या नावातच कापूस आहे. स्त्रियांना पुन्हा बारीक सूत काढायला शिकवले गेले. २०२० मध्ये ढाकाई मलमलीला तिथे भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. जामदानी तर कधीच पुरती बंद पडली नव्हती. तिच्या विणकामाचा युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पश्चिम बंगालमध्येही खादीचे कारागीर फार वरच्या नंबरचे सूत काढून मलमल विणत आहेत.

धोटा

बोआल माशाच्या जबड्याचे वाचून राहवले नाही. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यात पोंदुरू नावाचे गाव आहे. तिथल्या खादीसाठी आजही स्त्रिया कापूस 'वालुगा' माशाच्या जबड्याने विंचरतात. बंगालचा बोआल आणि तेलुगू वालुगा हा एकच मासा. जबड्याचा अर्धा तुकडा काठीला बांधलेला असतो आणि एकेक सरकी हातात धरून तिच्यावरचे तंतू त्या दातांनी सरळ करतात; कचरा आणि आखूड तंतू दातांत अडकून राहतात. गांधीजींनाही या खादीचे मोठे कौतुक होते. काठपदर, पोंदुरूचा एखादा मीटर कापड मागवून घ्या. म्हणजे भिंगाखाली ठेवायला हातसुताचा तुकडा मिळेल. गिरणीच्या तुकड्यावर 'मलमल, गिरणीचे सूत, ८० नंबर' असे लिहा आणि दुसऱ्यावर गावाचे नाव, सुताचा नंबर आणि 'हातसूत, हातमाग' असे लिहा. दोन्हींना मलमल म्हणायला काहीच हरकत नाही, फक्त सूत कोणी काढले ते पट्टीवर यावे.

काठपदर

पोंदुरूच्या कापडाची चौकशी आजच करते. ते धुवायचे कसे, खळ द्यायची की नाही, हेही सांगून ठेवा.

धोटा

पहिल्या धुण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, म्हणजे मागावरची खळ सुटेल. पिळू नका, दोन हातांत दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवे पसरा. प्रदर्शनासाठी खळ देऊ नका. खळ दिली की चौकटी बुजतात आणि भिंगातून काही दिसत नाही.